बीपीची गोळी आणि दवाखान्यातली टीम



१६ जून ते १५ ऑगस्ट आपली मासेमारी बंद. जाळी दुरुस्त करता करता या दिवसांत बीपी-शुगरही तपासून घ्या. जवाहर चौकाकडच्यांनी मोठ्या हॉस्पिटलच्या रांगेत दिवस घालवायची गरज नाही, जवळच्या संजीवनी क्लिनिकमध्ये तपासणी होते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये ५ राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत बीपीचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. त्यात मध्य प्रदेश होता, महाराष्ट्रही होता, अगदी मच्छीमारांचा सिंधुदुर्गसुद्धा. यात सगळा भार एकट्या डॉक्टरवर नाही. आशाताई वस्तीत फिरून ३० वर्षांवरच्यांची माहिती घेते. नर्स बीपी मोजून कार्डावर लिहिते. डॉक्टर ठरलेल्या पद्धतीने गोळी सुरू करतात, १४०/९० च्या खाली येत नसेल तर वाढवतात. मग महिन्या-महिन्याची गोळी जवळच्या केंद्रातूनच घ्यायची, कोणी आलं नाही तर विचारपूस करायची.

आपल्याकडे घोळ होतो तो पुढे. बरं वाटलं की गोळी बंद! अहो, बरं वाटतंय ते गोळीमुळेच. बीपी दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि एखाद्या दिवशी नावेतच हात लुळा पडतो. पहाटे तलावावर जायचं असेल तर गोळी कधी घ्यायची ते नर्सला विचारा, पण आपल्या मनाने सोडू नका. मीठ दिवसाला एक चमचा, ५ ग्रॅमच्या आत. (सुकट आवडते हो, पण ती आधी धुऊन घ्या.)

जाताना जुनं कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.