आकाशातली चमक: सहा वर्षांचा हिशेब

मे २०१९ मध्ये स्पेसएक्सने स्टारलिंक या इंटरनेट सेवेचे ६० उपग्रह एकाच खेपेत सोडले. पुढच्या रात्री ओळीने सरकणारे ठिपके पाहून लोक हरखले, पण खगोलशास्त्रज्ञ धास्तावले. कॅलिफोर्नियातल्या झ्विकी आकाश-सर्वेक्षणाच्या संधिप्रकाशातल्या छायाचित्रांपैकी २०१९ अखेर अर्ध्या टक्क्यांहून कमी छायाचित्रांवर उपग्रहांचे ओरखडे होते. ऑगस्ट २०२१ मध्ये हे प्रमाण १८ टक्के झाले.

उपाय शोधले गेले. जानेवारी २०२० मध्ये काळा थर दिलेला ‘डार्कसॅट’ हा स्टारलिंक उपग्रह गेला. चमक निम्म्यावर आली, पण काळा पृष्ठभाग तापू लागला. त्याच वर्षी ऊन अडवणारी झडप आली. ती उपयोगी ठरली, तरी उपग्रहांमधल्या लेसर संपर्काच्या आड येत असल्याने २०२१ मध्ये काढावी लागली. २०२३ पासून मोठ्या उपग्रहांवर प्रकाश पृथ्वीपासून दूर परतवणारा पापुद्रा चढवला जातो.

तेजाच्या मोजणीत सातव्या प्रतीपेक्षा तेजस्वी उपग्रह नको, म्हणजे तो नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, अशी मर्यादा शास्त्रज्ञांनी सुचवली. मात्र २०२२ मध्ये ब्लूवॉकर-३ या दुसऱ्या कंपनीच्या उपग्रहाने ६४ चौरस मीटरचा अँटेना उघडला आणि तो काही वेळा प्रश्वा ताऱ्याइतका झळकला. त्याच कंपनीचा २२३ चौरस मीटर अँटेनाचा उपग्रह २४ डिसेंबर २०२५ रोजी आपल्याच एलव्हीएम-३ रॉकेटने नेला. उपाय एका पावलाने पुढे गेले, आकार दोन पावलांनी.

परभणी जिल्ह्यातल्या पेडगावसारख्या, १९ अंश अक्षांशाजवळच्या गावाला भूगोलाची थोडी साथ आहे. ५५० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सूर्यास्तानंतर दोन तासांच्या आत डोक्यावर पृथ्वीच्या सावलीत शिरतात, त्यामुळे मध्यरात्र बरीच वाचते. पण पृथ्वीजवळचे काही लघुग्रह शोधायचे ते संध्याकाळी आणि पहाटेच. शिवाय अधिक उंचीवरचे उपग्रह जास्त वेळ उजळलेले राहतात.

महाराष्ट्राने जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ होताना पाहिले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दुर्गम भागांतल्या इंटरनेटसाठी स्टारलिंकशी इरादापत्रही केले. दोन्ही गोष्टी हव्यात. खेड्याला इंटरनेट मिळालेच पाहिजे, पण त्याची किंमत आकाशाने मोजू नये. आजवरचे बहुतेक उपाय कंपन्यांच्या मर्जीवर झाले. आता भारताने प्रक्षेपणाच्या करारात आणि सेवेच्या परवान्यात सातव्या प्रतीची अट घालावी.