पोराला पहिली मोटारसायकल कोणती घ्यावी?



उसाचं बिल जमा झालं की घरातलं पोरगं मोटारसायकलीचा हट्ट धरतं, आणि तीही साडेतीनशे-चारशे सीसीची. गटात फिरताना सभासद आम्हाला विचारतात, "साहेब, घ्यावी का?" आमचे सांगणे एकच : शिकाऊ पोराला घेऊ नये.

लागणीच्या वेळी आपण नत्राचा दहावा हिस्साच देतो. मोठा हप्ता मुळं धरल्यावर. गाडीचंही तसंच आहे. 100 सीसीची गाडी साधारण 110 किलोची, ताकद 8 अश्वशक्ती. 350 सीसीची 180 ते 195 किलो, ताकद 20 अश्वशक्ती. मूठ जरा जास्त पिळली गेली तर नवख्याला ती आवरत नाही, कलली तर पेलत नाही. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. हंगामात रात्री पुढे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली उभी असली, तर ते अंतर मिळत नाही.

तेव्हा 18 वर्षे पुरी झाल्यावर शिकाऊ परवाना, 100-125 सीसीची गाडी, डोक्यावर हेल्मेट, आणि निदान एक गळीत हंगाम सराव, हा क्रम ठेवावा. मोठी गाडी पुढच्या बिलातही घेता येईल.