दशावतारी खेळांतील संकासूर आणि कार्तिकांतील जत्रा

दक्षिण कोंकणांत, म्हणजे १ मे १९८१ पासून ज्यास सिंधुदुर्ग जिल्हा म्हणतात त्या प्रदेशांत व त्याला लागून असलेल्या गोमंतकाच्या पेडणें-डिचोली भागांत, भाताची कापणी-मळणी उरकून कार्तिकी पौर्णिमा जवळ आली कीं गांवोगांव ग्रामदेवतांच्या जत्रा सुरू होतात. त्या पुढें वैशाखापर्यंत चालतात. जत्रेच्या रात्रीं देवळापुढें दशावतारी नाटक झाल्यावांचून जत्रा पुरी झाली असें तेथें कोणी मानीत नाहीं. या खेळाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें, त्याचा भर बहुधा एकाच प्रश्नावर दिसतो. तो हा कीं, खेळ कोंकणांत आणला कोणीं? प्रस्तुत लेखकास दुसरा एक प्रश्न अधिक मोलाचा वाटतो. खेळाचें नांव दशावतारी. परंतु रात्रभर बसून पाहणाऱ्यास दहा अवतार कोठेंच दिसत नाहींत. प्रारंभीं मत्स्यावताराचा प्रसंग होतो, आणि मग भारत, रामायण किंवा पुराणें यांतील एखादें आख्यान लागतें. दहांपैकीं एकच अवतार कां, आणि तोहि मत्स्यच कां ? याचा उलगडा जत्रेच्या तिथींत सांपडतो, असें दाखविण्याचा येथें विचार आहे.

ज्यांस देशावर राहून हा खेळ पाहण्याचा योग आला नाहीं, अशा वाचकांसाठीं जत्रेचें स्वरूप आधीं सांगितलें पाहिजे. प्रत्येक गांवाच्या जत्रेचा दिवस ठरलेला असतो. सावंतवाडी तालुक्यांतील सोनुर्ली येथील माउलीची जत्रा त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास भरते. तेथें नवस फेडणारे देवळाभोंवतीं लोटांगणें घालतात, म्हणून तिला लोटांगणाची जत्रा असेंच नांव पडलें आहे. देवगड तालुक्यांत समुद्राच्या कांठीं असलेल्या कुणकेश्वराची यात्रा महाशिवरात्रीस होते. मालवण तालुक्यांतील मसुरें गांवच्या आंगणेवाडीची जत्रा मात्र तिथीला बांधलेली नाहीं. तिचा दिवस भराडीदेवीचा कौल घेऊन ठरवितात, व तो एकदां जाहीर झाला कीं मुंबईचे चाकरमाने आपल्या रजेचें पाहूं लागतात. दिवसां ओट्या भरणें, नवस बोलणें व फेडणें चालतें. गुळांत घोळलेल्या खाजाचीं दुकानें लागतात. गुरव, घाडी, गांवकर यांचा ज्याचा त्याचा मान ज्याला त्याला मिळतो. रात्रीं पालखी देवळाभोंवतीं फिरून आंत गेली म्हणजे मंडळी खेळाला बसतात.

रंगभूमि म्हणजे देवळापुढील अंगण किंवा सभामंडप. सामान म्हणाल तर एक लांकडी बांक. तोच इंद्राचें सिंहासन होतो, तोच वनांतील शिला होतो. मृदंग, झांज व पायपेटी एवढीं वाद्यें. नाईक हा मंडळीचा सूत्रधार. तो गातो आणि कथा पुढें नेतो. संवाद लिहिलेले नसतात. कोणतें आख्यान लावावयाचें हें ठरलें कीं प्रत्येक नट आपलें भाषण रंगावरच रचतो. स्त्रीपार्टी पुरुषच करितात. नटांपैकीं पुष्कळजण पावसाळ्यांत आपली शेती पाहतात व कार्तिकापासून वेष चढवितात. पूर्वीं वेषांचा पेटारा डोकीवर घेऊन मंडळी एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेस पायीं जात. हल्लीं तो टेम्पोंतून जातो, तथापि त्याची पूजा चुकत नाहीं. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, आजगांवकर, आरोलकर हीं मंडळ्यांचीं नांवेंच पाहा. तीं नटांचीं नव्हेत, गांवांचीं आहेत.

खेळाचे भाग दोन. पहिला आड दशावतार, दुसरा आख्यान. आड या शब्दाची उपपत्ति ‘आद्य’ पासून लावण्याचा मोह संस्कृत शिकलेल्यांस फार होतो. परंतु संस्कृत ‘द्य’ चा प्राकृतांत ‘ज्ज’ होतो, अद्य याचें अज्ज व मग आज झालें, तेव्हां आद्य पासून आड निघण्यास ध्वनिनियमाची संमति नाहीं. पडद्याच्या आडून एकेक सोंग पुढें येतें, तो आड येथें असावा हें मला अधिक ग्राह्य वाटतें. या भागांत गणपति, ऋद्धिसिद्धि, मयूरवाहिनी सरस्वती, विनोदी भटजी, ब्रह्मदेव, विष्णु व संकासूर हीं पात्रें येतात, आणि विष्णूनें संकासुरास मारिलें म्हणजे हा भाग संपतो. भरतानें नाट्यशास्त्राच्या पांचव्या अध्यायांत नाटकाच्या आधीं करावयाचा पूर्वरंग सांगितला आहे, त्याच्याशीं या भागाचें नातें उघड आहे. देवयात्रेंत नाटक करण्याची चालहि जुनीच. आठव्या शतकांतील भवभूतीचीं तिन्ही नाटकें कालप्रियनाथाच्या यात्रेंत झालीं, असें त्या त्या नाटकाच्या प्रस्तावनेंतच आहे. ‘यात्रा’ म्हणजे देवाचा उत्सव. मराठी ‘जत्रा’ हें त्याच शब्दाचें रूप होय.

आतां संकासूर. पायघोळ काळा वेष, तोंडावर काळें कापड, त्यावर पांढऱ्या रेघांनीं काढलेले डोळे, बाहेर लोंबणारी तांबडी जीभ आणि डोकीवर उंच निमुळती टोपी. मुलें त्यास भितात आणि त्याचीच वाट पाहतात. देव ग्रांथिक मराठी बोलतात, हा मालवणी बोलतो. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत व विदूषक प्राकृत बोलतो, त्या योजनेचें हें गांवठी रूप म्हणावें काय, असें मनांत येतें. पण केवळ साम्यावरून वारसा सिद्ध होत नाहीं. साऱ्या पूर्वरंगांत लोकांशीं लोकांच्या भाषेंत बोलणारा असा हाच एक, व तो वेदांचा चोर.

हा चोर आला कोठून ? मत्स्यकथेच्या सर्वांत जुन्या रूपांत, शतपथ ब्राह्मणांत, कोणी असुरच नाहीं. मासा मनूची नौका ओढून नेतो इतकेंच आहे. वनपर्वांतहि तसेंच. शांतिपर्वांत वेद चोरतात ते मधु व कैटभ, आणि ते परत आणतो तो हयशीर्ष हरि, मत्स्य नव्हे. भागवताच्या आठव्या स्कंधांत मत्स्यानें मारिलेल्या दैत्याचें नांव हयग्रीव. कोंकणांत हरिदासांच्या मुखीं भागवत असे. तेव्हां दशावतारी मंडळींनीं कथा भागवतावरून घेतली असती, तर रंगावर हयग्रीव आला असता. दशमस्कंधांत गुरुपुत्रासाठीं कृष्णानें समुद्रांतील शंखरूपी पंचजनास मारिल्याची कथा आहे खरी, पण तेथें वेदांचा संबंध नाहीं. कित्येकजण या दोहोंचा घोटाळा करितात, तो टाळला पाहिजे.

समुद्राचा पुत्र शंख, त्यानें वेद हरण केले, ते पाण्यांत शिरले, आणि विष्णूनें मत्स्य होऊन शंखास मारिलें, ही कथा पद्मपुराणांतर्गत कार्तिकमाहात्म्यांत आहे. तींतील एक गोष्ट येथें निर्णायक ठरते. शंख वेद नेतो तेव्हां विष्णु निद्रेंत आहे. देव त्यास जागवितात तें कार्तिक शुद्ध एकादशीस. आणि जागा होतांच तो जें पहिलें कार्य करितो तें हें मत्स्यरूप घेऊन शंखाचा वध. म्हणजे प्रबोधिनी एकादशीच्या व्रताची ही उत्पत्तिकथाच झाली. याच माहात्म्यांत वृंदा व जालंधर यांची कथा आहे, आणि तिच्यावरूनच कोंकणांत घरोघर तुळशीचें लग्न लागतें. जें माहात्म्य कार्तिकांत देवळांत वाचलें जाई व ज्याच्या आधारें अंगणांतील वृंदावनाची पूजा होई, त्यांतलाच असुर पौर्णिमेच्या सुमारास देवळापुढें रंगावर यावा, हा योगायोग म्हणून सोडून देतां येत नाहीं. आषाढापासून देव निजलेला, नट शेतांत. कार्तिकांत देव उठला, भात घरांत आलें, पेटारा उघडला. मोसमाचा पहिला खेळ हा देवाच्या जागृतीचाच खेळ होय. शंखासूर याचें संकासूर होण्यांतहि नवल नाहीं. मालवणीच्या उच्चारांत महाप्राण सहज गळतो.

यावर कोणी म्हणेल कीं, जत्रा शिवरात्रींतहि होतात, चैत्रांतहि होतात; तेथें कार्तिकाचा संबंध काय ? याचें उत्तर असें कीं, पूर्वरंग मंडळीचा असतो, गांवाचा नव्हे. मोसमाच्या आरंभीं बसलेली रीत मंडळी सोबत घेऊन फिरते, आणि जेथें देव विष्णु नसून शिव किंवा माउली आहे तेथेंहि तीच करिते. उलट, रीत एखाद्या विशिष्ट देवळाच्या देवतेवरून निघाली असती, तर माउलीच्या अंगणांत देवीनें मारिलेला महिषासुर दिसला असता. दुसरा आक्षेप रत्नागिरी जिल्ह्यांतील शिमग्याचा. तेथें खेळ्यांबरोबर संकासूर हिंडतो, आणि तो महिना फाल्गुन. परंतु तेथें वेदहरणाची कथा मुख्य नाहीं. सोंग स्वतंत्र झालें आहे व लोक त्याला नवसहि बोलतात. कथेपासून सुटलेलें सोंग कथेच्या मागून आलेलें असणें अधिक संभवनीय आहे.

खेळाचा शेवटहि पाहण्यासारखा आहे. उजाडतांना दहीहंडी फोडतात व काला वाटतात. यावरूनच लोक या खेळास दहीकाला किंवा धयकालो म्हणतात, आणि गोमंतकांत नुसतें काला म्हणतात. हा काला गोपाळकृष्णाचा. म्हणजे रात्र मत्स्यानें सुरू होते व कृष्णानें संपते, आणि मधील आख्यान पुराणेतिहासांतून हवें तें घ्यावें. दशावतारी हें नांव या व्यवस्थेस शोभत नाहीं असें आतां म्हणतां येणार नाहीं. प्रारंभीं पहिला अवतार व पहांटे आठवा हीं दोन टोकें पक्कीं धरलीं, आणि मधली जागा नटाच्या बुद्धीस मोकळी ठेविली.

या दृष्टीनें ‘आणला कोणीं’ या वादाकडेहि थोडें पाहूं. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनीं १७२८ च्या सुमारास हा खेळ कर्नाटकांतून आणिला, अशी एक परंपरा आहे. कवठी-वालावल भागांतील गोरे घराण्याकडे तोच मान देणारी दुसरी आहे. दोहोंपैकीं कोणतीहि मूळ आरंभाची असूं शकत नाहीं. समर्थ रामदास १६८२ सालीं समाधिस्थ झाले, आणि त्यांच्या दासबोधांत दशावतारी खेळाचा उल्लेख स्पष्ट आहे. त्यांतील सुंदर स्त्रिया वस्तुतः धटिंगण पुरुष असतात, हेंहि समर्थांनीं नमूद केलें आहे. म्हणजे आजची स्त्रीपार्टी तेव्हांहि होती. तेव्हां काळे किंवा गोरे यांनीं कांहीं केलें असेल, तर तें नव्या मंडळ्या उभारणें व यक्षगानाच्या वळणाची सुधारणा करणें. खेळ निर्माण करणें नव्हे. विष्णुदास भाव्यांचें ‘सीतास्वयंवर’ ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं सांगलीस चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांपुढें झालें, त्याच्या मागेंहि कर्नाटकांतील भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती. मराठी नाटकाचा इतिहास त्या दिवसापासून मोजण्याची आपणांस संवय लागली आहे. ती शाळेंत शिकविण्यास सोयीची आहे, आणि मीहि ती पुष्कळ वर्षें शिकविली.

सांप्रत आड दशावतार आखडत चालला आहे. ट्रिकसीनची नाटकें मागणाऱ्या प्रेक्षकांस गणपति-सरस्वतीचा वेळ जड जातो. मंडळ्या तो भाग थोडक्यांत उरकतात, आणि शहरांतील सभागृहांत तो कित्येकदां गाळतातहि. आख्यान रंगणें हें नटाच्या कसबावर आहे, व तें कसब आजहि उत्तम आहे. त्याविषयीं तक्रार नाहीं. परंतु वर जो विचार मांडला त्याचा सारा आधार गाळल्या जाणाऱ्या भागांतच आहे. छापील संहिता नाहीं, ती कधींच नव्हती. जुन्या नाईकांस पाठ असलेलीं पूर्वरंगाचीं पदें, सोंगांचा क्रम, आणि कोणत्या मंडळीस कोणत्या जत्रेचा मान याचे देवस्थानांच्या दप्तरांत असतील ते कागद, एवढींच साधनें. मानाचे कागद लागले तर मंडळ्यांचा कालक्रम परंपरेच्या सांगीवांचून लावतां येईल. पदें उतरून घेतलीं तर त्यांतील शंखाच्या कथेचा कार्तिकमाहात्म्याशीं ओळीनें ताळा घालतां येईल. यांपैकीं कागद आणखी कांहीं वर्षें वाट पाहतील, पदें पाहणार नाहींत. तेव्हां येत्या कार्तिकांत आरंभ पदांपासून करावा, आणि तोहि ज्या मंडळ्या अद्याप पूर्वरंग पुरा करितात त्यांच्यापासून.