नदींत आडवा पडलेला वृक्ष

पावसाळ्यांत कांठ ढासळून एखादा करंज किंवा उंबर नदीपात्रांत आडवा पडतो. त्याच्या फांद्यांत गवत, पालापाचोळा व ओंडके गुंतत जाऊन लहानसा बांधच तयार होतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला कीं या अडथळ्यावरील रेटा चौपट होतो. मग वृक्ष सुटून खालच्या पुलाच्या खांबांवर आदळण्याचें भय असतें. तरीही चढत्या पाण्यांत उतरणें धोक्याचें होय. फांद्यांतून पाणी निघून जातें, माणूस मात्र त्यांवर दाबला जाऊन बुडतो.

यास्तव पूर ओसरल्यावरच कुऱ्हाड, करवत, दोर आणि कप्प्या एवढ्या साधनांनिशीं काम आरंभावें. प्रथम बुंध्याजवळ खोडास दोर बांधून तो वरच्या अंगास, कांठावरील भक्कम झाडाला जखडावा. नंतर शेंड्याकडील फांद्या तोडाव्या. वांकलेल्या फांदीची बाहेरची बाजू ताणलेली असते. तेथें एकदम घाव घातल्यास ती उसळते. म्हणून आधीं आंतल्या बाजूस अल्प काप देऊन मग बाहेरून हळूहळू कापावें. शेवटीं खोड मुळांपासून वेगळें केलें म्हणजे प्रवाहच त्याचा शेंडा फिरवून तें कांठाशीं आणतो.

पुढील काम कप्प्यांचें. दोन दुहेरी कप्प्यांत दोर ओंवल्यास, घर्षण वगळतां, बळ चौपट होतें. दोरही चौपट ओढावा लागतो. ताणलेल्या दोराच्या रेषेंत कोणीं उभें राहूं नये. तुटलेला दोर चाबकासारखा फिरतो.

मागें राहिलेला बुडखा, वाट अडवीत नसल्यास, उपटूं नये. त्याचीं मुळें कांठाची माती धरून ठेवतात आणि त्यांच्या आडोशास मासे राहतात.