आधी इथले निस्तरा

परदेशातली नोकरी पक्की झाली की घरात याद्या सुरू होतात. व्हिसा, तिकीट, थंडीचे कपडे, कुकर, गोडा मसाला, पहिल्या महिन्याच्या घरभाड्याची सोय. या याद्या चुकीच्या नसतात, पण त्यांतल्या बहुतेक गोष्टी पोहोचल्यानंतरच्या असतात, आणि घरी विसरलेली वस्तू तिथे चार पैसे जास्त मोजून मिळतेच. इथे राहून गेलेल्या कामाचे तसे नसते. दुय्यम निबंधकासमोरची सही, जन्मदाखल्यातली नावाची दुरुस्ती, वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर न चढलेले नाव, ही कामे इथे असताना चार फेऱ्यांत उरकतात. तिकडून करायची म्हटली की महिने जातात आणि प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या कुणाचे तरी पाय धरावे लागतात. म्हणून तयारीचा क्रम उलटा हवा. ज्या कामाला तुम्ही स्वतः, तुमचा मूळ कागद किंवा इथले सरकारी कार्यालय लागते ते आधी करावे. जे तिथून होण्यासारखे आहे ते नंतर, आणि बॅग सगळ्यांत शेवटी.

या क्रमामागे कायद्याचे कारण आहे. आपल्याला वाटते की आपण फक्त राहण्याचे ठिकाण बदलतो आहोत, पण कायद्याच्या लेखी आपला दर्जाच बदलतो. १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे ‘फेमा’, नोकरी-व्यवसायासाठी किंवा अनिश्चित काळासाठी देश सोडणाऱ्याला निघाल्यापासूनच अनिवासी धरतो. साहजिकच नेहमीचे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते ‘एनआरओ’ करून घ्यावे लागते. भाडे, निवृत्तिवेतन, लाभांश अशी भारतातली मिळकत या खात्यात जमा होते. त्यावरच्या व्याजातून साधारणपणे ३० टक्के कर आणि वर उपकर आधीच कापला जातो, आणि एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त १० लाख डॉलर, तेही कराचे कागद पूर्ण करून, परदेशी नेता येतात. तिकडची कमाई इकडे पाठवण्यासाठी ‘एनआरई’ खाते वेगळे. त्याच्या व्याजावर भारतात प्राप्तिकर नाही आणि पैसे परत नेण्यावर मर्यादा नाही. पीपीएफचे चालू खाते मुदत संपेपर्यंत ठेवता येते, पण नवे उघडता येत नाही. डीमॅट आणि म्युच्युअल फंडांकडेही बदललेला दर्जा नोंदवावा लागतो. ही सगळी कामे शाखेत मूळ कागद दाखवून सहज होतात. तिकडून मात्र प्रत्येक प्रतीवर नोटरीचा किंवा वकिलातीचा शिक्का मागितला जाऊ शकतो.

प्राप्तिकराचा हिशेब याहून वेगळा आहे आणि तिथेच अनेकांची फसगत होते. फेमा हेतू पाहतो, प्राप्तिकर दिवस मोजतो. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिला असेल, तर तो त्या वर्षापुरता निवासी ठरतो आणि सामान्यतः त्याची जगभरातली कमाई इथे करपात्र होते. एक एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १८३ दिवस भरतात. समजा, दोघांना दुबईत सारख्याच पगाराची नोकरी लागली आहे. एक २० सप्टेंबरला निघाला आणि त्या वर्षात परत आला नाही, दुसरा दसरा घरी करून ऑक्टोबरच्या मध्यावर गेला. पहिल्याच्या तिथल्या पगाराला भारतीय कर लागणार नाही. दुसऱ्याचा मार्चअखेरपर्यंतचा दुबईचा पगार भारतात करपात्र ठरेल, आणि तिथे पगारावर प्राप्तिकरच नसल्याने वजा करायलाही काही नसेल. तारीख नेहमीच आपल्या हातात नसते हे खरे, पण हातात असेल तर तिकीट काढण्यापूर्वी सनदी लेखापालाशी तासभर बोलणे शहाणपणाचे.

पैशांनंतर नावांचा प्रश्न येतो. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली पद्धत परदेशी कार्यालयांना नीट कळत नाही, आणि लग्नानंतर मधले नाव व आडनाव दोन्ही बदलले की गुंता वाढतो. पदवी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, पारपत्रावर तिसरेच स्पेलिंग आणि जन्मदाखल्यात बाळाच्या नावाची जागा रिकामी, अशी उदाहरणे घरोघरी सापडतील. व्हिसा अधिकाऱ्यापुढे हे एकाच बाईचे कागद असल्याचे सिद्ध करावे लागते. विवाहनोंदणीचा दाखला, लागल्यास राजपत्रात प्रसिद्ध केलेला नावबदल आणि सर्व कागदांवर एकच स्पेलिंग ही त्याची उत्तरे आहेत. त्यानंतर साक्षांकनाची पायरी. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल कराराचा सदस्य आहे, त्यामुळे अनेक देशांत परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल पुरते. संयुक्त अरब अमिरात त्या करारात नाही, म्हणून त्या देशाच्या वकिलातीचा शिक्काही घ्यावा लागतो. त्याआधी राज्य पातळीवरची पडताळणी असते, आणि या साखळीतली एक कडी अडली की पुढचे सगळे अडते.

सर्वांत जास्त लक्ष मागतात ती घर आणि जमीन. फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल, तर महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची आहे आणि १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. मालक अनिवासी झाला की भाडेकरूने भाड्यातून कर कापून सरकारात भरायचा असतो. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊक नसते, म्हणून करारातच लिहावे. घर विकतानाही असाच फरक पडतो. निवासी माणसाकडून ५० लाख किंवा त्याहून महाग घर घेणारा एक टक्का कर कापतो. विकणारा अनिवासी असेल तर कपात कितीतरी मोठी होते, आणि ती कमी व्हावी म्हणून प्राप्तिकर खात्याकडून आधी प्रमाणपत्र मिळवावे लागते. शेतजमीन अनिवासी भारतीयाला विकत घेता येत नाही. पूर्वीची किंवा वारशाने आलेली मात्र ठेवता येते. म्हणून वारसनोंद राहिली असेल तर फेरफार निघण्यापूर्वीच मंजूर करून घ्यावा. बँकेत आणि सोसायटीत नामनिर्देशन केले म्हणजे वारशाचा प्रश्न मिटला, हाही गैरसमजच. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांसमोर केलेली सही पुरते, आणि ते साक्षीदार इथे सहज मिळतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आता सगळे ऑनलाइन होते. बरेच होते, यात शंका नाही. २०२३ पासून काही देशांतल्या मोबाइल क्रमांकांवरून एनआरई आणि एनआरओ खात्यांचे यूपीआय व्यवहारही सुरू झाले आहेत. पण ऑनलाइन व्यवस्था जुन्या नोंदीवर उभी असते. नोंदीत नाव चुकलेले असेल, तर संकेतस्थळ ती चूक अधिक वेगाने पुढे नेते इतकेच. शिवाय बहुतेक दारे ओटीपीने उघडतात आणि तो भारतीय मोबाइलवर येतो. प्रीपेड सिम ९० दिवस वापरले नाही तर बंद होऊ शकते. म्हणून रोमिंग आणि रिचार्जची सोय लावणे हे किरकोळ काम समजू नये.

दुसरा आक्षेप असा की दोनच वर्षांचा प्रश्न आहे, आणि इथे भाऊ आहेच. पण दोन वर्षांसाठी गेलेलाही अनिवासीच ठरतो. भावाचे म्हणाल, तर त्याला अधिकार देणारा कागद नसेल तर तो फक्त निरोप पोहोचवू शकतो. मुखत्यारपत्र हवे, आणि त्यात बारकावा आहे. दस्त नोंदणीसाठी सादर करण्याचा अधिकार द्यायचा असेल, तर भारतात राहणाऱ्याने ते मुखत्यारपत्र निबंधकासमोर करून प्रमाणित करून घ्यावे, असे १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम ३३ सांगते. परदेशातून तेच वकिलातीत किंवा नोटरीसमोर करता येते, पण भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. सरसकट सगळे अधिकार देण्यापेक्षा कामे नेमकी लिहून दिलेले मुखत्यारपत्र भावाच्याही हिताचे असते, कारण पुढे संशयाला जागा उरत नाही.

तिसरा आक्षेप, कंपनी किंवा एजंट सगळे पाहतो. कंपनी तिच्या गरजेपुरतेच पाहते, तुमचा सातबारा तिच्या यादीत नसतो. आखातात मजुरीला जाणाऱ्यांच्या बाबतीत तर हा भरवसा महागात पडतो. पारपत्रावर ‘ईसीआर’ नोंद असलेल्याला ठरलेल्या १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. ती प्रक्रिया ‘ई-मायग्रेट’वर होते, नोंदणीकृत एजंटांची यादीही तिथेच मिळते, आणि याच वाटेने जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा योजनेचे १० लाखांचे संरक्षण मिळते. भेटीच्या व्हिसावर नोकरीला पाठवणारा एजंट या सगळ्यावर पाणी सोडायला लावतो. नोकरीच्या कराराची एक प्रत घरी ठेवावी, म्हणजे काही बिनसले तर घरच्यांना तक्रार करायला आधार राहील.

निघायला तीन महिने असताना कुटुंबाने एकत्र बसून हे सगळे कागद एकदा काढावेत. त्यातच आई-वडिलांचा आरोग्य विमा, आणि वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर त्यांचे आयुष्मान कार्ड आहे की नाही हेही पाहून घ्यावे. यातले फारसे काही खर्चिक नाही, फक्त त्याला तुमची हजेरी लागते, आणि निघाल्यानंतर नेमकी तीच देता येत नाही.