ॲव्हरेजचा स्क्रू शोधणाऱ्यांसाठी

जुनी मोटारसायकल घरी आली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सुचवतं, ‘ट्यूनिंग करून घे, ॲव्हरेज वाढेल.’ गॅरेजवाला कार्ब्युरेटरच्या कडेचा छोटा पितळी स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवतो, रेस देऊन कान लावतो आणि गाडी ताब्यात देतो. आवाज खरंच सुधारलेला असतो. ॲव्हरेज बहुधा होतं तिथंच राहतं.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांमधून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. पण जुन्या बाजारातल्या स्प्लेंडर, पल्सर अजून त्याच्यावरच चालतात. त्यात पेट्रोल एका वाटेनं येत नाही. गाडी जागेवर चालू असताना पायलट जेट काम करतं, रस्त्यावर अर्धीमुर्धी मूठ पिळली की निडल आणि पूर्ण पिळली की मेन जेट. बाहेरून फिरवता येणाऱ्या स्क्रूचा अंमल पायलटच्या वाटेपुरता, फार तर मूठ पाव पिळेपर्यंत. त्याच्याकडून हायवेवरचं ॲव्हरेज मागण्यात अर्थ नाही. त्याचा खरा संबंध पीयूसीशी. ती तपासणी गाडी जागेवर चालू ठेवूनच होते.

स्क्रूला हात लावण्याआधी एअर फिल्टर, प्लग आणि टॅपेट बघावेत. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर असेल तर तिथून चोरून हवा आत जाते. मग कितीही ट्यूनिंग करा, गाडी स्लोला धरत नाही. पायलट जेट चोंदलं असेल तर ते हवेच्या झोतानं साफ करावं. अनेक जण त्यात तार घालतात. जेट पितळेचं, म्हणजे मऊ, आणि भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. ते एकदा मोठं झालं की गाडी कायमची जादा पेट्रोल पिते.

हे सगळं ठीक असेल तरच स्क्रू. गाडी आधी दहाएक मिनिटं फिरवून गरम करावी, मग बंद करून स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत न्यावा. टेकला की थांबायचं. जोर केला तर टोक आणि त्याची बैठक दोन्ही खराब होतात. तिथून दीड-दोन फेरे बाहेर काढून गाडी चालू करायची आणि पाव-पाव फेऱ्यानं, प्रत्येक वेळी जरा थांबून, फिरवत जायचं. इंजिन सगळ्यात जलद आणि एकसारखं फिरेल ती जागा बरोबर. वाढलेली रेस मग आयडलिंगच्या वेगळ्या स्क्रूनं उतरवायची. शंभर सीसीच्या गाडीला १४०० आरपीएमच्या आसपास पुरते. मूठ झटकन पिळून सोडल्यावर रेस वरच लोंबकळली तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे. दाबल्यासारखी होऊन गाडी बंद पडायला आली तर जास्त. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर बहुधा तो पेट्रोलचा, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. फिल्टरच्या बाजूचा हवेचा. त्याचं गणित बरोबर उलटं.

आता पंपावर मिळणाऱ्या ई-२० ची भर पडली आहे. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग लागतात. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यानं वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरतात. इंजेक्शनच्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला ते कळत नाही. त्यामुळे पूर्वी नेमकी लावलेली गाडी आता किंचित कोरडी चालते आणि थंडीत सकाळी चोक मागते. अशा वेळी ॲव्हरेजच्या हव्यासानं पेट्रोल आणखी तोडलं तर इंजिन तापतं.

निदान प्लगवरून होतं. गाडी चांगली चालवून आणल्यावर प्लग निवू द्यावा आणि काढून बघावा: कॉफीच्या रंगाचा असेल तर ठीक, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, खडूसारखा पांढरा म्हणजे कमी. आणि गाडी घ्यायच्या आधी टाकीची चमक बघून झाली की गुडघ्यावर बसून त्या स्क्रूची खाच बघा. ती झिजून गोल झाली असेल तर बऱ्याच हातांनी ॲव्हरेज वाढवून झालेलं आहे. भाव त्या हिशेबानं करा.