काटा तापला की इंजिन?

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की दिंडोरी तालुक्यातल्या पिकअपना उसंत नसते. बागेतून पॅकहाऊस, तिथून नाशिक नाहीतर पिंपळगाव बसवंत, अशा फेऱ्या चालूच राहतात. अशा दिवसांत डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा एकदम लाल पट्ट्याकडे सरकला, तर ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतो. गाडी कडेला लागते, बॉनेट उघडतं, चार माणसं जमतात आणि निदान जागेवरच होऊन जातं: "रेडिएटर चोकअप झालाय."

असेलही. पण इंजिन ठणठणीत आहे आणि काटाच खोटं सांगतोय, असंही होतं. याच्या उलटा प्रकार जास्त महागात पडतो. काटा मधोमध निवांत असतो आणि आत हेड गॅसकेट उडायच्या बेतात असतं.

काट्याला खबर पुरवतो तो कूलंट टेम्परेचर सेन्सर. लोक त्याला रेडिएटरचा सेन्सर म्हणतात, पण बहुतेक गाड्यांत तो इंजिनावर, थर्मोस्टॅटच्या आसपास बसवलेला असतो. पितळी किंवा प्लॅस्टिकच्या टोपणात थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध कमी होतो. तापल्यावर काही पदार्थांतून वीज जास्त सहज वाहते, हे मायकेल फॅरडेने सिल्व्हर सल्फाइडच्या बाबतीत १८३३ मध्येच नोंदवलं होतं. आजच्या एका नेहमीच्या प्रकारच्या सेन्सरचा रोध २० अंशाला साधारण २,५०० ओहम असतो. ८० अंशाला तो सव्वातीनशेच्या घरात येतो आणि १०० अंशाला दोनशेच्याही खाली जातो. गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, या सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा करतो आणि व्होल्टेज किती उतरलं त्यावरून तापमान काढतो.

हा आकडा फक्त काट्यासाठी नसतो. डिझेल किंवा पेट्रोल किती सोडायचं, पंखा कधी लावायचा, एसी कधी तोडायचा, हे सगळं ईसीएम त्यावरच ठरवतो. जानेवारीत निफाड-दिंडोरी पट्ट्यात पारा कधी कधी पाच अंशांखाली उतरतो. अशा पहाटे सेन्सर "इंजिन गरम आहे" असं कळवत राहिला, तर थंड इंजिनाला लागणारं जादा इंधन मिळत नाही आणि स्टार्टर नुसता घरघरत राहतो. तो कायम "गार" म्हणत राहिला, तर पेट्रोल गाडी काळा धूर सोडते आणि ॲव्हरेज पडतं. सेन्सरचा सिग्नलच तुटला, तर बऱ्याच गाड्यांचा ईसीएम धोका नको म्हणून पंखा सतत चालू ठेवतो.

तपासाची सगळ्यात सोपी वेळ म्हणजे पहाट. गाडी रात्रभर उभी असेल तर कूलंट आणि आत येणारी हवा, दोन्हींचं तापमान जवळपास सारखं असायला हवं. स्कॅनर लावून, इंजिन सुरू न करता, फक्त चावी ऑन करून दोन्ही आकडे बघायचे. हवा १२ अंश आणि कूलंट ६०, असं दिसलं तर सेन्सर किंवा त्याचं वायरिंग बिघडलंय यात शंका नको. मोबाइलला जोडायचा साधा ओबीडी डोंगलही एवढं काम करतो.

पुढचा प्रश्न, दोष सेन्सरचा की वायरचा? दोन वायरींच्या सेन्सरचा कपलर काढला की स्कॅनरवर बहुधा उणे ४० अंश दिसतात. कपलरच्या त्या दोन पिना एकमेकींना जोडल्या की आकडा एकदम वर, १३० च्या आसपास किंवा पलीकडे जातो. दोन्ही वेळा असंच झालं, तर वायरिंग आणि ईसीएम ठीक आहेत, गुन्हेगार सेन्सर. आकडा हललाच नाही, तर नवा सेन्सर घेऊन उपयोग नाही. कपलरमधला हिरवा गंज, उंदराने कुरतडलेली वायर शोधायची. बिघाडाचे कोडही हेच सांगतात. पी०११८ बहुधा तुटलेल्या सर्किटकडे बोट दाखवतो, तर पी०११७ शॉर्टकडे.

जुन्या जीपसारख्या गाड्यांत काट्याचा सेन्सर एकाच वायरीचा असतो. तिथे हेडलाइट लावल्याबरोबर काटा उडी मारत असेल, तर रेडिएटर खोलायच्या आधी अर्थिंगची वायर घासून घट्ट करावी. दिवे लावल्याने इंजिन तापत नाही!

खरी फसवणूक कूलंट कमी झाल्यावर होते. सेन्सरचं टोक पाण्यात बुडालेलं नसेल, तर ते नुसती हवा किंवा वाफ मोजतं आणि काटा खाली येतो. त्यात बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. साधारण ७५ ते १०० अंशांपर्यंत तो मध्यावरून हलतच नाही, म्हणून काट्यापेक्षा स्कॅनरच्या आकड्यावर भरवसा ठेवावा. इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या घरावर धरून तो आकडा पडताळता येतो. दहाएक अंशांचा फरक चालतो, चाळीसचा नाही.

चैत्रोत्सवात भर उन्हात, सात माणसं आणि एसीसह नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना काटा वर गेला, तर मात्र सेन्सरवर संशय घेण्याआधी थांबावं. तिथे इंजिन खरंच तापलेलं असण्याचीच शक्यता जास्त. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नये. आत दाब असतो आणि कूलंट शंभर अंशांवरही द्रवच असतं. झाकण काढताच ते उकळून अंगावर उसळतं.

आपल्याकडचा आणखी एक उपाय म्हणजे गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट वॉल्व्हच काढून टाकणं. काटा खाली येतो, मालक खूश. पण मग इंजिन ठरलेल्या तापमानाला पोहोचायला फार वेळ घेतं, डिझेल जास्त पितं, आणि नव्या गाडीत पी०१२८ कोड येऊन चेक लाइट लागते. त्यावर पुन्हा सेन्सर बदलला जातो, जो बिचारा खरंच बोलत होता. बोअरचं क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षं ओतल्याचाही त्रास असाच लपून राहतो. रेडिएटरच्या नळ्यांत आणि सेन्सरच्या टोकावर क्षारांचा थर बसतो आणि खबर उशिरा पोहोचते.

सेन्सर बदलायचाच असेल, तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर, नवं वॉशर किंवा ओ-रिंग घालून बदलावा. नंतर कूलंट भरून आतली हवा काढावी, कोड पुसावा आणि पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत गाडी उभ्या जागी चालू ठेवून स्कॅनरवर आकडा बघत राहावा.